परदेशी माहितीपटवाले गावात येणार आहेत: विदर्भातले नेहमीचे प्रश्न

कापूस, सोयाबीन, फवारणीची विषबाधा, वाघ, खाणी, कुपोषण, शेतकरी आत्महत्या. यांपैकी कशावर तरी फिल्म करायला बाहेरदेशचं पथक येतं, तेव्हा गावात आणि त्यांना मदत करणाऱ्या स्थानिक पत्रकारांच्या मनात जे प्रश्न येतात ते इथे घेतले आहेत. कॅमेऱ्यासमोर बसणारा, दुभाषा, गाडीवाला, सरपंच, हे पान सगळ्यांसाठी आहे.

टीव्हीचे बातमीदार येतातच. मग हे वेगळे कसे?

बातमीदार सकाळी येतो, धुऱ्यावर उभं राहून दोन मिनिटं बोलायला लावतो आणि दुपारी निघून जातो. माहितीपटवाला आधी कॅमेऱ्याशिवाय येऊन माणसं आणि जागा पाहून जातो. यालाच रेकी म्हणतात. मग तो पेरणीला येतो, फवारणीला येतो, वेचणीलाही येतो. परदेशी टीव्हीचा तासाभराचा माहितीपट बहुतेकदा ५२ मिनिटांचा असतो आणि त्यासाठी चाळीस-पन्नास तासांचं चित्रण सहज होतं. म्हणजे तुम्ही दोन तास बोललात तरी पडद्यावर दोन मिनिटंही येतील, नाहीतर काहीच येणार नाही. हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगायला हवं. नाही सांगितलं तर तुम्ही विचारा.

त्यांच्याकडे कोणते कागद असायला हवेत?

पहिला कागद व्हिसा. पर्यटक व्हिसावर माहितीपट करता येत नाही. त्यांनी आपल्या देशातल्या भारतीय दूतावासाकडे विषय, थोडक्यात कथानक, ठिकाणं, तारखा, माणसांची यादी आणि उपकरणांची यादी देऊन पत्रकार व्हिसा आणि चित्रीकरणाची मंजुरी घ्यायची असते. अर्ज परराष्ट्र मंत्रालयाकडे जातो. वेळ लागतो, म्हणून दोन महिने हाताशी ठेवलेले बरे. कथापट आणि वेबमालिकांसाठी फिल्म व्हिसाची वेगळी वाट आहे, ती इथे लावू नये. पाहुणा मूळचा भारतीय आणि ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळच्या भारतीयांना मिळणारं) कार्डधारक असेल तरी सुटका नाही: मार्च २०२१ पासून पत्रकारितेच्या कामासाठी त्यालाही वेगळी परवानगी लागते.

मंजुरीच्या कागदावर ठिकाणांची नावं असतात. यवतमाळ लिहिलं आणि पथक गडचिरोलीतल्या एटापल्लीला पोहोचलं, तर पोलीस तिथेच अडवतात. परदेशी माणूस परत जातो. पुढचे सहा महिने चौकशीला बोलावतात ते तुम्हाला. म्हणून व्हिसा आणि मंजुरी या दोन्हींची छायाप्रत मिळाल्याशिवाय गाडीही ठरवू नका.

आणखी दोन गोष्टी हमखास विसरल्या जातात. परदेशी माणूस ज्याच्या घरी किंवा लॉजवर मुक्काम करतो, त्या घरमालकाला २४ तासांच्या आत त्याची ऑनलाइन नोंद करावी लागते. लोक तिला ‘सी फॉर्म’ म्हणतात आणि गावातल्या घरालाही ती लागू आहे. दुसरी गोष्ट सॅटेलाइट फोन. ‘तिकडे रेंज नसते’ असं ऐकून लोक सुरक्षेसाठी तो सोबत आणतात. भारतात परवान्याशिवाय तो बाळगणं गुन्हा आहे आणि उपग्रहावरून संदेश पाठवणारी छोटी ट्रेकिंगची उपकरणंही त्यातच धरली जातात. ते विमानात बसण्याआधीच सांगा. आणि हो, वर्धा आणि गडचिरोली हे दारूबंदीचे जिल्हे आहेत. सामानातल्या एका बाटलीपायी अख्खा दिवस ठाण्यात गेला तर तो शूटिंगच्या दिवसांतूनच जातो.

गावात कोणाला विचारायचं?

सरपंचाला आणि पोलीस पाटलाला लेखी कळवा, ठाण्याला त्याची प्रत द्या आणि प्रतीवर पोच घ्या. खाजगी घरात आणि वावरात मालकाची परवानगी पुरते. शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्र, बाजार समितीचं यार्ड, रेल्वे स्टेशन यांची परवानगी ज्याच्या त्याच्या कार्यालयातून घ्यायची. डॉक्टर ओळखीचे आहेत म्हणून वॉर्डात कॅमेरा नेला, तर पुढे बदली डॉक्टरची होते.

पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा) लागू असलेल्या गावांत, उदाहरणार्थ धारणी-चिखलदऱ्यात आणि गडचिरोलीच्या मोठ्या भागात, एकट्या सरपंचाचा होकार धरून चालू नका. ग्रामसभेत विषय मांडा. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, देशात तो मिळालेल्या पहिल्या गावांपैकी ते एक आहे. तिथे निर्णय सर्वसहमतीने होतात. एकाने जरी ‘का?’ विचारलं तरी उत्तर द्यावंच लागतं. पथकाला हा उशीर वाटतो. खरं तर सगळ्यात चांगलं दृश्य बहुधा इथेच मिळतं, फक्त कॅमेरा चालू करण्याआधी त्याचीही परवानगी त्याच सभेत घ्यावी लागते.

ताडोबा, मेळघाट, नवेगाव-नागझिरा, पेंच, बोर इथल्या चित्रीकरणाला वनविभागाची परवानगी लागते. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार तो अधिकार मुख्य वन्यजीव रक्षकांचा, आणि त्यांचं कार्यालय नागपूरला वनभवनात आहे. वाघाने मारलेल्या गुराख्याचं घर बफरमधल्या (प्रकल्पाच्या गाभ्याभोवतीच्या पट्ट्यातल्या) गावात असेल, तर घरात बोलायला वनविभाग लागत नाही. जिथे घटना घडली त्या कंपार्टमेंटमध्ये, म्हणजे जंगलाच्या त्या तुकड्यात, पाऊल टाकायला लागतो.

ड्रोन उडवता येईल का?

येईल, पण त्यांचा नव्हे. फेब्रुवारी २०२२ पासून तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, त्यामुळे विमानतळावरच कस्टमवाले तो ठेवून घेतात. इथला नोंदणी केलेला ड्रोन आणि परवानाधारक चालक घ्या. २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला चालकाचा परवाना लागत नाही, त्यावरच्या ड्रोनला व्यावसायिक कामासाठी लागतो. ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर जागा हिरव्या पट्ट्यात असेल तर १२० मीटरपर्यंत उडवता येतो. आमचं मत विचाराल तर पाच मिनिटांच्या त्या हवाई दृश्यासाठी गडचिरोलीत ड्रोन काढूच नये. खालच्या माणसाला तो कोणाचा आहे हे कळत नाही, आणि न कळण्याचे परिणाम तिथे वेगळे असतात.

संमतीपत्रावर सही मागतात. त्यात नेमकं काय असतं?

बहुतेक वेळा ते एक-दोन पानांचं आणि इंग्रजीत असतं. त्यातल्या एका वाक्यात ‘सर्व माध्यमांत, जगभर, कायमस्वरूपी’ अशा अर्थाचे शब्द असतात. साध्या मराठीत अर्थ असा: तुमचा चेहरा, आवाज आणि बोलणं टीव्हीवर, मोबाइलवर, इंटरनेटवर, कुठल्याही देशात, कितीही वर्षं दाखवता येईल आणि त्याचे वेगळे पैसे मिळणार नाहीत. ‘तिकडे परदेशातच दिसेल’ असं कोणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. तुकडा कापून व्हॉट्सॲपवर यायला एक संध्याकाळ पुरते, आणि तो सगळ्यात आधी पोहोचतो सावकाराच्या, कृषी केंद्रवाल्याच्या नाहीतर मुलीच्या सासरच्या फोनवर.

म्हणून सही करण्याआधी पत्र मराठीत वाचून घ्या. कोलामी, कोरकू, माडिया किंवा गोरमाटी बोलणाऱ्याला त्याच्याच भाषेत समजावून द्यायला हवं, आणि समजावणारा पथकाच्या पगारावरचा नसलेला बरा. मग चार गोष्टी हाताने लिहून घ्या. नाव खरं वापरायचं की बदलून? गावाचं नाव यायचं का? कोणता विषय काढायचा नाही? आणि मन बदललं तर कोणत्या तारखेपर्यंत, कोणाला सांगायचं? शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात जास्त गाळला जाणारा. एडिटिंग पूर्ण झाल्यावर माणूस काढता येत नाही असं ते सांगतील, आणि ते बरंचसं खरं आहे. म्हणूनच ‘एडिटिंग संपण्याआधी एकदा फोन करून विचारू’ हे वाक्य कागदावर हवं. एक प्रत तुमच्याजवळ राहिली पाहिजे. त्यावर ईमेल पत्ता आणि भारतातला चालू फोन नंबर हवा.

वाचता न येणाऱ्याचा अंगठा घेऊन काम भागवू नये. त्याला कॅमेऱ्यावर त्याच्या शब्दांत सांगू द्या: मी कोण, हे लोक कोण, हे कशासाठी चाललंय, मला काय नको. तो अर्धा मिनिट पुढे पथकाच्याही कामी येतो. आणि संमती एकदाच घेऊन मोकळं होऊ नका. पेरणीत ‘हो’ म्हणालेल्या माणसाचं पीक वेचणीपर्यंत गेलेलं असू शकतं. दरवेळी विचारा.

मुलाखतीचे पैसे मागावेत का?

बोलण्याचे पैसे कोणतंही जबाबदार चॅनेल देत नाही. दिले तर ‘पैसे घेऊन बोलला’ एवढ्या एका वाक्यात तुमचं खरं बोलणं निकालात निघतं. पण तुमचा दिवस बुडाला असेल तर मजुरी मागणं पूर्ण योग्य आहे. निंदण, वेचणी, सवंगणी यांपैकी जे काम त्या दिवशी चालू असेल त्याचा गावातला रोज मिळावा, त्याहून जास्त नाही आणि कमीही नाही, आणि पावती करावी. बैलजोडी, गाडी, जेवण, घरात लावलेल्या दिव्यांची वीज यांचे पैसे वेगळे. मुलाची फी, ऑपरेशन, कर्ज अशी मोठी मदत कोणी शूटिंग चालू असताना कबूल केली तर ती नीट नाकारा, निदान फिल्म दाखवली जाईपर्यंत थांबवा. एका घराला दिलं की शेजारच्या दहा घरांत काय बोललं जातं हे पथकाला कधीच दिसत नाही.

आत्महत्या झालेल्या घरी जायचं आहे. कसं जावं?

आधी स्वतःला विचारा की जायलाच हवं का. विदर्भ म्हटलं की भेगाळलेली जमीन, हार घातलेला फोटो आणि शेजारी बसलेली बाई, हे चित्र वीस वर्षं दाखवून झालंय. शिवाय भेगाळलेली जमीन बहुतेकदा तलावाची असते, वावराची नव्हे. कापूसवाल्याचं दुःख बऱ्याचदा हिरव्यागार पऱ्हाटीत असतं: झाड छातीएवढं वाढलेलं आणि बोंड फोडलं की आत गुलाबी अळी. हे दाखवायला कोणाच्या घरात शिरावं लागत नाही.

जायचंच असेल तर तेरवीच्या आधी नाही. पहिली भेट कॅमेऱ्याशिवाय, सोबत घराच्या ओळखीची बाई. कुठे बसायचं हे तिला ठरवू द्या. ओसरीवर बसलं की शेजारी जमतात आणि ती सासऱ्याकडे पाहून उत्तर देते. आत बसलं तर टिनाखाली आवाज घुमतो, तेव्हा जमिनीवर दोन गोधड्या टाकल्या तर रेकॉर्डिंग सुधारतं. ‘शेवटचं काय बोलले’ हा प्रश्न विचारू नका. यंदा काय पेरलं होतं, बियाणं कोणाकडून उधार आणलं, सातबारा आता कोणाच्या नावावर आहे, वारसाचा फेरफार झाला का, हे विचारा. हिशेब सांगताना माणूस सावरलेला राहतो आणि फिल्मलाही त्याच माहितीची गरज असते.

मृत्यू कसा झाला याची रीत, औषधाचा डबा, झाड, दोर यांतलं काहीही दाखवू नये. जागतिक आरोग्य संघटनेचे संकेत हेच सांगतात आणि भारतीय प्रेस कौन्सिलने २०१९ मध्ये त्याच धर्तीवर मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली आहेत. ‘कर्जामुळे’ असं एकच कारण लावणंही टाळा. निघताना टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत नंबर कागदावर लिहून घरात द्या आणि आठवड्याने फोन करा. आपण न बसवलेला कॅमेरा चालतो, पण न केलेला फोन चालत नाही.

आकडे कुठून घ्यायचे? प्रत्येक ठिकाणी वेगळे का दिसतात?

कारण मोजणारे वेगळे आणि मोजण्याचं कारणही वेगळं. महसूल खात्याचा आकडा मदतीसाठी असतो. प्रकरण तलाठी-तहसीलमार्गे जिल्हास्तरीय समितीपुढे जातं आणि ‘पात्र’, ‘अपात्र’ किंवा ‘चौकशीसाठी प्रलंबित’ ठरतं. पात्र कुटुंबाला एक लाखाची मदत २००६ च्या शासन निर्णयाने ठरली, त्यात ३० हजार लगेच आणि ७० हजार ठेवीत. निकष जमीन आणि कर्जाचे. त्यामुळे मक्त्याने किंवा बटईने वावर करणारा, वनजमिनीचा पट्टा न मिळालेला आदिवासी, किंवा जिच्या नावावर सातबारा नाही अशी बाई सहज ‘अपात्र’ ठरते. कृषी केंद्राची उधारी तर बँकेच्या कागदावर कर्ज म्हणून दिसतच नाही. अपात्र म्हणजे शेतकरी नव्हता असं नाही, फक्त निकषात बसला नाही. परदेशी संपादक हे चुकीचं समजतात आणि ‘खोट्या आत्महत्या’ असं लिहून मोकळे होतात.

दुसरा आकडा राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचा, तो पोलीस नोंदींवरून येतो. तिथे २०१४ पासून शेतकरी आणि शेतमजूर वेगळे मोजले जातात, म्हणून त्याआधीची आणि नंतरची वर्षं एकाच रेषेवर मांडू नका. तिसरा आकडा वर्तमानपत्रांचा आणि कार्यकर्त्यांचा. तिन्ही वापरता येतात, फक्त कोणता कुठला ते पडद्यावर लिहा. ‘विदर्भ’ म्हणजे ११ जिल्हे की २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमधले सहा (अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम, वर्धा), हेही लिहा. निम्मे वाद इथेच मिटतात.

जिल्ह्याची आकडेवारी माहिती अधिकारात मागता येते. फी १० रुपये, मुदत ३० दिवस, आणि महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा. अर्ज शूटिंगच्या आधीच टाका.

विषबाधेसारख्या विषयात कागद आकड्यांहून मोलाचे असतात. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसं गेली. पुढे २०२० मध्ये त्यातल्या काहींचा कीटकनाशक कंपनीविरुद्धचा दावा स्वित्झर्लंडमधल्या बासेलला पोहोचला. इतक्या दूर टिकतो तो कागद. बाटलीच्या लेबलचा बॅच नंबरसकट फोटो, कृषी केंद्राचं बिल, दवाखान्याचा केसपेपर, फवारणीची तारीख, पंप हाताचा की पॉवरचा, पऱ्हाटीची उंची डोक्यापेक्षा वर होती का, हे सगळं त्याच दिवशी नोंदवा. महिन्याने बाटली भंगारात जाते.

भाषांतरात काय चुकतं?

जवळजवळ सगळं, आणि तेही नकळत. आपल्याकडे कीटकनाशकाला ‘औषध’ म्हणतात. ‘त्यानं औषध घेतलं’ याचं पुण्यात बसून केलेलं भाषांतर ‘त्याने गोळ्या घेतल्या’ असं होतं. ‘पैसेवारी ५० च्या आत आली’ यात पैशांचा काही संबंध नाही, तो पिकाच्या स्थितीचा सरकारी अंदाज आहे आणि त्यावर दुष्काळी सवलती अवलंबून असतात. ‘सावकार’ परवान्याचा की बिनपरवान्याचा हे विचारल्याशिवाय लिहू नका. ‘चुकारा’ म्हणजे विकलेल्या मालाचे हाती आलेले पैसे. ‘कास्तकार’ आपल्याकडे अगदी तीन एकरवाल्यालाही म्हणतात, त्याचा जमीनदार करू नका. कापूस ‘ओला’ म्हणून परत केला, तर ओलावा किती टक्के निघाला ते विचारा: सीसीआय (सरकारी कापूस खरेदी महामंडळ) ८ ते १२ टक्क्यांपर्यंतचा घेते, त्यावरचा नाही. नुसतं ‘परत पाठवला’ म्हटलं की बाहेरच्या माणसाला त्यात लाचखोरीच दिसते.

लाख आणि कोटी सबटायटलमध्ये फुटतात. एक लाख म्हणजे शंभर हजार, एक कोटी म्हणजे दहा दशलक्ष. एकरांचे हेक्टर करताना २.४७ ने भागा.

दुभाषाने ‘तो म्हणतोय की खूप त्रास आहे’ असा सारांश देऊ नये. वाक्य संपलं की थांबवून पूर्ण सांगावं. एडिटिंगआधी प्रत्येक मुलाखतीची वेळेसकट लिखित प्रत वऱ्हाडी किंवा झाडीबोली समजणाऱ्या दुसऱ्या माणसाने तपासावी. गोंडीतून मराठी, मराठीतून हिंदी, हिंदीतून इंग्रजी अशी साखळी असेल तर मूळ आवाज पुसू नका. चूक सापडते ती त्याच आवाजात.

कोणत्या महिन्यात बोलवावं?

विषयावर ठरतं. पेरणी मृगाचा पाऊस पडल्यावर, फवारणी जुलै ते ऑक्टोबर, सोयाबीनची सवंगणी ऑक्टोबरात, कापसाची वेचणी आणि खेडा खरेदी (व्यापाऱ्याने गावात येऊन केलेली) दिवाळीनंतर. भंडारा-गोंदियाची धान रोवणी जुलै-ऑगस्टमध्ये. मोहफूल मार्च-एप्रिल, तेंदूपत्ता एप्रिल-मे. भामरागडला पावसात जायचं ठरवलं तर पर्लकोटा नदी फुगून वाट बंद होईल हे धरून दोन दिवस जास्तीचे ठेवा.

मे महिन्यात चंद्रपूरला पारा ४५ च्या पुढे जातो आणि बहुतेक कॅमेरे ४० अंशांपर्यंतच्याच वापरासाठी बनवलेले असतात. ओलं फडकं कॅमेऱ्यावर नको, छत्री हवी. गाडीत बंद करून ठेवलेली बॅटरी फुगते. चार्जिंग रात्री गावातल्या सिंगल फेजवर करा, सोबत स्टॅबिलायझर ठेवा.

गडचिरोलीत वेगळं काय करायचं?

आत जाताना कोणाला भेटणार, कधी परतणार हे नागपुरातल्या एका माणसाला लिहून द्या. पोलिसांच्या गाडीतून गावात उतरू नका. उतरलात तर त्या गावात तुम्हाला खरं कोणी बोलणार नाही, आणि बोलणाऱ्यावर संशय येईल. खाणीविषयी बोलणाऱ्याचा चेहरा झाकायचा असेल तर चित्रण करतानाच झाका. नंतर धूसर केलेला चेहरा मूळ फुटेजमध्ये तसाच असतो, आणि लॅपटॉप जप्त होऊ शकतो. हात, गोंदण, घराचं दार, दुचाकीचा नंबर यांवरूनही गाव माणूस ओळखतं. कार्ड भरलं की दोन प्रती काढा, दोन्ही कूटबद्ध (पासवर्डशिवाय न उघडणाऱ्या), आणि दोन वेगळ्या गाड्यांत.

मुलांचं आणि अत्याचारग्रस्त महिलांचं काय?

अत्याचारग्रस्त मुलाची किंवा महिलेची ओळख उघड करणं गुन्हा आहे. यात फक्त नाव येत नाही. आई, शाळा, गल्ली दाखवली तरी ओळख पटते. कुपोषणावरच्या फिल्मसाठी मेळघाटात मुलांना उघडं करून वजनकाट्यावर बसवतात. आईने हो म्हटलं तरी ते दाखवू नये.

फिक्सर (पथकाची इथली सगळी सोय लावणारा) म्हणून काम घेतलं. पैसे आणि करार कसा करायचा?

दिवसाचा दर, दिवसाचे तास, गाडीचे किलोमीटर, रात्रीचा मुक्काम, रद्द झाल्यास किती, विमा कोणाचा, श्रेयनामावलीत नाव यायचं की नाही, हे सगळं ईमेलवर. नाव नको असेल तर तेही लिहा, तो तुमचा हक्क आहे. नागपूरहून यवतमाळ, अमरावती, चंद्रपूर प्रत्येकी सुमारे १५० किलोमीटर. परदेशी वेळापत्रकात ते ‘दोन तास’ असतं, तुम्ही चार लिहा.

परदेशातून पैसे घेताना एफसीआरए २०१०, म्हणजे परदेशी देणगीवर नियंत्रण ठेवणारा कायदा, लक्षात ठेवा. नोंदणीकृत वर्तमानपत्राचा वार्ताहर, संपादक किंवा मालक यांना आणि वृत्त-चालू घडामोडींचे कार्यक्रम करणाऱ्या संस्थांना परदेशी ‘देणगी’ घेता येत नाही. पण पगार, मजुरी किंवा नेहमीच्या व्यवसायातलं कामाचं मोल घ्यायला कायद्यात सूट आहे. म्हणून पैसा कराराचा मोबदला म्हणून, इनव्हॉइसवर आणि बँकेतूनच घ्या. ‘ग्रँट’, ‘सपोर्ट’ असे शब्द कागदावर येऊ देऊ नका. महोत्सवाचं अनुदान मिळत असेल तर आधी सीए गाठा.

चुकीचं दाखवलं तर तक्रार कुठे?

पहिल्यांदा निर्मात्याला ईमेल करा: मिनिट, सेकंद, काय चूक, खरं काय. ब्रिटिश चॅनेल असेल तर ऑफकॉम या नियामकाकडे जाता येतं. अन्याय्य चित्रण आणि खाजगीपणाचा भंग यांची तक्रार ज्याच्यावर ते घडलं त्यानेच, साधारणपणे प्रसारणापासून २० कामकाजाच्या दिवसांत करायची असते. इतर देशांतल्या सार्वजनिक चॅनेलांकडेही बहुधा तक्रार कक्ष असतो. तक्रारीला संमतीपत्राची तुमच्याकडची प्रत लागते.

आम्हाला फिल्म कधी बघायला मिळेल?

करारात लिहिलं असेल तेव्हा, एरवी बहुधा कधीच नाही. ‘प्रदर्शनानंतर तीन महिन्यांत मराठी सबटायटलची प्रत गावाला’ एवढी ओळ आधीच घालून घ्या. समाजमंदिरात सगळ्यांना दाखवायची तर सार्वजनिक प्रदर्शनाला सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र लागतं, म्हणून पहिलं दाखवणं फिल्ममधल्या घरांपुरतं ठेवा: एक लॅपटॉप, एक स्पीकर, दाराला पडदा. सोयाबीन घरात येण्याआधी ठेवू नका, नाहीतर कोणाला वेळ नसतो. आणि ज्या बाईची मुलाखत आहे तिला सगळ्यांच्या आधी, एकटीला दाखवा. तिने ‘इथे थांबवा’ म्हटलं तर थांबवा.